सेलरी हिरवी आहे

गॉर्डनव्हिल, पेनसिल्व्हेनिया
१९ जुलै

प्रिय मलिंडा,

तुझं पत्र पोचलं. एक पान, त्यातलं अर्धं पाऊसपाणी आणि उरलेल्यात अ‍ॅरनची दुखरी पाठ. बाई गं, केंटकीत शाई इतकी महाग झाली आहे का? लहानपणी तुझ्या वाटणीचंही मीच बोलायचे. आई म्हणायची, या दोघी बहिणींना जीभ वाटताना देवाचा हात घसरला. आता तू इतक्या लांब जाऊन राहिलीस, तर तुझ्या वाटणीचं लिहायचंही मीच का?

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बेनुएलने नवं खेचर घेतलंय. ते त्याचं काही ऐकत नाही, म्हणजे घरात आता बायको धरून तशी दोघं झाली, असं तो सगळ्यांना सांगत सुटलाय. गेल्या उपासनेला बिशप आयझॅक जिभेवर बोलले, चांगले लांबलचक. शेजाऱ्याचं डुक्कर गंमत म्हणून सोडून देणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. डुक्कर सोडायला फक्त कडी काढावी लागली, धरून आणताना मात्र तो नखशिखांत चिखलात लोळला. आपण बोलतो त्याचं असंच असतं म्हणाले. मला वाटलं, हे सगळं नाओमी किंगसाठी चाललंय. बाहेर आल्यावर नाओमी मला म्हणते, "सविला, आज बिशपनी तुझं नाव घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं!" लोकांना स्वतःचे दोष कसे दिसत नाहीत, मला नवल वाटतं.

आता खरी बातमी. चहा ओतून घे आणि बस.

मी फॅनी पीटरशाइमकडे बरण्या परत करायला गेले होते. मागच्या दाराने गेले, कारण पुढच्या दाराने गेलं की काहीच दिसत नाही. तर मक्याच्या मागे, रस्त्यावरून अजिबात नजरेस पडू नये अशा बेताने, सेलरी लावलेली! एक-दोन ओळी नाहीत, पार कुंपणापर्यंत. तुमच्या केंटकीत सेलरी धड येत नाही म्हणे, तेव्हा विसरली असशील, पण इथे लग्नाच्या पंगतीत सेलरीच्या देठांच्या भाजीवाचून पान हलत नाही. आणि घरात लग्न नसताना एवढी सेलरी कोण लावेल? ज्याच्याकडे ससे आहेत तो. फॅनीकडे ससे नाहीत. फॅनीकडे आहे तिची लेक मॅटी, शाळा शिकवणारी, एकतीस वर्षांची, जिचं आता काही जमत नाही असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि नवरा कोण? आपल्यात बिशपनी नावं पुकारेपर्यंत कुणी विचारायचं नसतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी विचारलं नाहीच. पण त्यांच्या अंगणात लीवाय स्मकरची बग्गी उभी होती. मागच्या आठवड्यातही होती. मॅटीपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहानच आहे, पण कष्टाळू आहे, आणि त्याची आई काय म्हणेल ते ऐकायला मी आजपासून कान टवकारून बसले आहे. मॅटी आणि लीवाय! तू कल्पना तरी केली होतीस?

मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे. नाओमीला सांगितलं, पण ती विचारत होती.

तुझी बडबडी बहीण,
सविला


केंटकी
२ ऑगस्ट

प्रिय सविला,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. अ‍ॅरनने ते नेहमीसारखं जेवताना मोठ्याने वाचलं. तुझा आवाज काढून वाचतो, त्यामुळे मुलं पत्राची वाट बघतात.

गिडियन झूक जेवायला होता. तुला त्याच्याबद्दल लिहिलं होतं की नाही, आठवत नाही. घोड्यांचं जीन-लगामाचं सामान करतो. बायको वारली त्याला आता बरेच दिवस झाले. एक लहान मुलगी आहे. शनिवारी दोघंही आमच्याकडे जेवतात. खेचराच्या गोष्टीला तोही हसला. पुढे सेलरी आली तेव्हा तो ताटात बघत होता. पीच घालून केक केला होता, तो त्याने तसाच ठेवला. ऊन फार आहे, भूक लागत नसेल.

लीवायचं तुला नक्की माहीत आहे ना? तू फक्त बग्गी पाहिलीस असं लिहिलं आहेस.

पाऊस नाही. अ‍ॅरनची पाठ आहे तशीच आहे.

तुझी,
मलिंडा


गॉर्डनव्हिल
१५ ऑगस्ट

प्रिय मलिंडा,

"नक्की माहीत आहे ना?" म्हणे! तू आईवर गेलीस. तिलाही वासरू जन्माला येऊन उभं राहिलं तरी गाय गाभण होती यावर विश्वास बसायचा नाही.

अगं, आता सगळ्या वस्तीला माहीत आहे. गेल्या गुरुवारी आम्ही एका शेजारणीच्या लेकीसाठी गोधडी शिवायला बसलो होतो. एका टोकाला मी हळूच "सेलरी" म्हणाले आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत लीवायने घरसुद्धा बघून ठेवलं होतं. घराचं मी बोलले नव्हते, खरंच. लीवायची आई तिथेच होती. तिने सुई बोटात टोचून घेतली. माझ्या मते तिला घरात अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

मॅटी मात्र लाजून अर्धी झाली आहे. परवा दुकानात मी म्हटलं, "काय मॅटी, यंदा सूप फार करणार वाटतं तुमच्याकडे!" तर पांढरीफटक पडली आणि दोरा न घेताच निघून गेली. बारीक झाली आहे, डोळ्यांखाली काळं आलंय. लग्न ठरलं की मुली बारीक होतातच. आणि एक गंमत सांगते. रोज दुपारी टपालवाला यायच्या वेळेला ती रस्त्याच्या टोकाशी पेटीपाशी उभी असते. पेटी उघडते, आत हात घालून बघते, बंद करते. लीवाय राहतो दोन शेतं पलीकडे, तो टपालाने पत्र कशाला पाठवेल? पण प्रेमात पडलेल्या माणसांना अक्कल कुठे असते! बेनुएलही लग्नाआधी आमच्या कुत्र्याला नमस्कार करायचा.

गिडियन झूकला उन्हाचं काही होत असेल तर पुदिन्याचा चहा दे. आणि तुझा तो केक थोडा कोरडाच होतो, मी आधीही म्हटलं होतं.

हसतमुख,
सविला


केंटकी
१० सप्टेंबर

प्रिय सविला,

उत्तराला उशीर केला. पत्र लिहायला बसायचे आणि उठायचे. आज संपवल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं आहे.

पेटीपाशी उभी राहणारी मॅटी ज्या पत्राची वाट बघते, ते गिडियनचं.

मला हे वसंतापासून माहीत होतं. आमची आणि त्याची टपालपेटी एकच आहे. दर आठवड्याला एक पाकीट जायचं, एक यायचं. येणाऱ्या पाकिटावर शाळामास्तरणीचं अक्षर आणि तुमच्या गावाचा शिक्का. तो गेल्या हिवाळ्यात चुलत्याच्या दफनाला तिकडे आला होता, तेव्हा ओळख झाली असावी. त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदाच म्हणाला होता, "मलिंडा, शरद ऋतूत मी काही दिवस नसेन, मुलीला ठेवशील का?" मी म्हटलं, ठेवीन. आम्ही दोघंही एवढंच बोललो.

तू लिहिलंस तेव्हा अ‍ॅरन वाचत होता आणि मी गिडियनच्या समोर बसले होते. "मॅटी आणि लीवाय" हे शब्द आले तेव्हा त्याने काटा खाली ठेवला. अगदी आवाज न करता ठेवला. मी ते पाहिलं आणि तुला लिहिताना ऊन फार आहे म्हणून लिहिलं. त्या दिवसानंतर त्याच्याकडून एकही पाकीट गेलेलं नाही. तिकडून आलेली दोन त्याने न उघडता कपाटावर ठेवली आहेत. त्याच्या मुलीने मला सांगितलं.

सविला, ती सेलरी लीवायसाठी नव्हती.

तुझ्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. त्या शनिवारी मी "गिडियन, थांब, तिने फक्त बग्गी पाहिली आहे" एवढं बोलले असते तर तो थांबला असता. मी केकचं ताट उचललं. लोक मला शांत म्हणतात, देवभीरू म्हणतात, आणि मला ते आवडतं. तू एक शब्द जास्त बोललीस, मी एक शब्द गिळला. त्या दोन शब्दांच्या मधे दोन माणसं चिरडली जात आहेत.

आता काय करायचं ते तू ठरव. पण लवकर ठरव. सेलरी थांबत नाही.

मलिंडा


गॉर्डनव्हिल
२१ सप्टेंबर

प्रिय मलिंडा,

तुझं पत्र मी अंगणात वाचलं आणि तिथेच कोंबड्यांच्या टोपल्यावर बसले. टोपलं मोडलं. बेनुएल धावत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. मी त्याच्या हातात पत्र दिलं. त्याने वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि काही म्हणाला नाही. एरवी तो माझी एवढी चेष्टा करतो, आज एक शब्द नाही. तेव्हा मला फार लाज वाटली.

मला राहून राहून एकच दिसत होतं. लग्न झालं नाही तर नोव्हेंबरात फॅनीला ती सगळी सेलरी गाडीत घालून बाजारात न्यावी लागणार, गावाच्या डोळ्यांदेखत. आणि प्रत्येक जण त्या गाडीकडे बघून मॅटीचं मोडलेलं लग्न मोजणार. प्रभुभोजनाआधीच्या सभेत आम्हाला विचारतील, कुणाबद्दल मनात अढी नाही ना, सगळ्यांशी शांती आहे ना. मी काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी गेले. या वेळी पुढच्या दाराने. फॅनीने काही न बोलता मागे बोट दाखवलं. मॅटी सेलरीच्या वाफ्यात होती, देठ पांढरे व्हावेत म्हणून माती चढवत होती. मी म्हटलं, "मॅटी, मला काही सांगायचंय."

"ते तुम्हाला नेहमीच असतं, सविला," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"लीवायचं नाव मी लावलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बग्गी पाहिली, बाकीचं माझ्या डोक्यातलं."

"लीवाय?" ती उभी राहिली. "तो आमचं वासरू बघायला येत होता! दोनदा यावं लागलं, कारण पहिल्यांदा त्या वासराने त्याला लाथ मारली." आणि मग, "म्हणून शाळेतली पोरं फळ्यावर त्याचं नाव लिहितात होय!"

मला वाटलं, हसेल आता. मलाही हसू येऊ पाहत होतं. पण पुढचं सांगायचं होतं. "मी ते पत्रात लिहिलं. केंटकीला. ते पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं गेलं. तिथे एक माणूस जेवायला होता."

तिच्या हातातली कुदळ खाली पडली. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं लिहिलं. माझं शेवटचं पत्र रोज रात्री आठवून आठवून बघत होते, कुठला शब्द त्याला लागला असेल. एकही सापडत नव्हता."

मलिंडा, तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडले. मी म्हटलं, "मी आजच्या आज त्याला लिहिते, की तू त्याच्यासाठी झुरतेस, की सेलरी त्याच्याच..."

"नाही!" असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. शाळेत कसा दरारा असेल ते तेव्हा कळलं. "माझ्या वतीने तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही खोटं बोललात तेवढं परत घ्या. खरं आहे ते माझं आहे, ते मी बोलेन."

मग तिने कुदळ उचलून माझ्या हातात दिली. "सेलरी तुम्ही पाहिलीच आहे. आता माती लावा." संध्याकाळपर्यंत लावली. बिशपच्या गोष्टीतला माणूस कसा लोळला असेल ते मला आता पुरतं समजलंय.

गुरुवारी परत गोधडीला बसलो तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, की लीवाय ही माझी थाप होती. लीवायच्या आईने देवाचे इतक्या मोठ्याने आभार मानले की मला मॅटीच्या वतीने राग आला. नाओमी पुढे सरकून म्हणते, "मग नवरा कोण?" आणि मला माहीत होतं गं! आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट खरोखर माहीत होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. खिशात उपासनेत मुलांना द्यायची पेपरमिंटची गोळी होती, ती मी तोंडात टाकली. तोंडात गोळी असताना बोललं की बाहेर पडते, म्हणून बोलता येत नाही. नाओमीने परत विचारलं, मी दुसरी टाकली. घरी येईपर्यंत जीभ बधिर झाली होती. बेनुएलने आता मोठी पिशवी आणून ठेवली आहे. म्हणतो, लग्नापासून एवढी शांतता त्याने फक्त मी घसा बसून आजारी होते तेव्हा ऐकली होती.

सोबत एक वेगळा कागद आहे. तो अ‍ॅरनला दे. ज्या टेबलावर तो आधीचा वाचला त्याच टेबलावर वाचायचा, तेवढ्याच मोठ्याने, सगळे असताना. आणि त्याला सांग, माझा आवाज काढायचा नाही.

सविला


(सोबतचा कागद)

अ‍ॅरनच्या टेबलावर बसलेल्या सर्वांना,

जुलैच्या पत्रात मी लिहिलं होतं की मॅटी पीटरशाइम आणि लीवाय स्मकर यांचं लग्न ठरलं आहे. ते खोटं होतं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लीवायची बग्गी त्यांच्या अंगणात पाहिली आणि उरलेलं मनाने रचलं. लीवाय वासरू बघायला आला होता. वासराने त्याला लाथ मारली, म्हणून तो दुसऱ्यांदा आला. मॅटी त्याच्याशी कधी चार शब्दही बोललेली नाही.

सेलरी मी पाहिली, ती आहे. ती कुणासाठी आहे ते मी सांगणार नाही, कारण ते सांगणं माझं नाही.

माझ्या बोलण्यामुळे ज्याला दुःख झालं असेल त्याने मला क्षमा करावी. आणि त्याच्याकडे न उघडलेली पत्रं असतील तर ती उघडावीत, कारण ती लिहिणारी बाई माझ्यासारखी नाही. ती विचार करून लिहिते.

सविला एश


केंटकी
६ ऑक्टोबर

प्रिय सविला,

कागद शनिवारी वाचला. अ‍ॅरन आपल्या आवाजात वाचत होता. मुलांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे, ती चमचे धरून बसली.

वासराने लाथ मारल्याचं आलं तिथे गिडियनने मान वर केली. वाचून संपलं. मग तो म्हणाला, "अ‍ॅरन, ते वासराचं परत वाच." अ‍ॅरनने परत वाचलं. गिडियन म्हणाला, "दोनदा आला तो वासरासाठीच?" अ‍ॅरन म्हणाला, "लिहिलंय तसं."

मी उठून केकचं ताट आणायला निघाले होते. दारापर्यंत गेले आणि परत आले. तिथेच उभी राहून, सगळ्यांसमोर, मी म्हणाले, "गिडियन, त्या दिवशी तू काटा खाली ठेवलास ते मी पाहिलं. मला वसंतापासून माहीत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बाई रोज पेटीपाशी उभी असते. जा आणि ती पत्रं उघड." एका दमात एवढं मी लग्नाच्या शपथेतही बोलले नव्हते. अ‍ॅरन माझ्याकडे बघतच राहिला. त्याची पाठ दुखायची थांबली, असं तो नंतर म्हणाला.

गिडियन उठला तो टोपी तशीच सोडून गेला. मुलगीही इथेच राहिली. ती मला म्हणाली, "बाबा केक विसरले." मी म्हटलं, "आज विसरू दे."

सोमवारी त्याने पहाटेच्या व्हॅनमध्ये जागा घेतली. सगळ्यांना सांगितलं, पेनसिल्व्हेनियात चामडं चांगलं मिळतं. चामडं इथेही मिळतं. मी काही बोलले नाही, पण या वेळी ते गप्प बसणं वेगळं होतं.

तो परत आला आहे. शीळ घालतो. विचारलं तर "चामडं बरं होतं" एवढंच सांगतो. सविला, मी आयुष्यात कधी अशी विनवणी केली नाही, पण मला सगळं कळव. तो त्यांच्याकडे गेला का? मॅटी काय म्हणाली? ठरलं का? सेलरीचं काय? दहा पानं लिहिलीस तरी चालेल.

उतावीळ,
मलिंडा


गॉर्डनव्हिल
२० ऑक्टोबर

प्रिय मलिंडा,

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल.

हवा थंड झाली आहे. दोनदा पाऊस झाला, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. मका काढून झाला. खेचर आता बेनुएलचं थोडं थोडं ऐकतं. टोपल्याला नवं बूड बसवलं. कोंबड्या अंडी देतात.

प्रभुभोजन झालं. मला विचारलं, शांती आहे का. मी आहे म्हणाले.

तू विचारलंस म्हणून लिहिते. सेलरी हिरवी आहे.

पेपरमिंटची दुसरी पिशवी आणली.

बाकी विशेष काही नाही.

तुझी,
सविला


केंटकी
३ नोव्हेंबर

प्रिय सविला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अ‍ॅरनने टेबलावर वाचलं तेव्हा मुलांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणी बाईने लिहिलंय. "कोंबड्या अंडी देतात" ऐकून थोरला म्हणाला, "मावशी आजारी आहे का?" मी स्वयंपाकघरात गेले आणि एप्रनने तोंड दाबून हसले. मग जरा रडलेही.

काल गिडियन आला. या वेळी केक संपवून, हात पुसून, व्यवस्थित उभा राहिला आणि आम्हाला लग्नाचं आमंत्रण दिलं. मंगळवारी, मॅटीच्या घरी. तुमच्याकडे नावं पुकारली गेली त्या दिवसाचं मॅटीने पत्रात कळवलेलं त्याने सांगितलं. बिशप आयझॅकनी "मॅटी पीटरशाइम आणि गिडियन झूक" म्हटल्याबरोबर बायकांच्या बाकावर सगळ्यांच्या माना वळल्या, आणि मॅटीच्या जागेकडे नव्हे, तुझ्याकडे वळल्या. नाओमी किंग तर तोंड उघडं टाकून बसली. पुरुषांच्या बाकावरून बेनुएलही तुझ्याकडे बघत होता. कुणालाच माहीत नव्हतं. आणि तू मान खाली घालून बसली होतीस, गाल एका बाजूने फुगलेला.

मग गिडियनने मला दुसरं सांगितलं. तो त्यांच्या घरी पोचला त्याच संध्याकाळी मॅटी तुझ्या दाराशी आली होती. तुला एकटीला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं, दिवससुद्धा. "कुणाला सांगू नका" असं म्हणाली नाही. मुद्दामच म्हणाली नाही. त्याने तिला विचारलं, सगळ्या वस्तीत हिलाच का? तर मॅटी म्हणाली, "त्यांना आता ठाऊक आहे, बोललेलं कुठे कुठे जाऊन लागतं ते. त्यांच्याइतकं सांभाळून दुसरं कुणी ठेवणार नाही."

म्हणजे तू मला ते पत्र लिहीत होतीस, सविला, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मी विनवणी केली होती. मी तुझी सख्खी बहीण. तरी तू मला कोंबड्यांची अंडी लिहून पाठवलीस. तुझ्याकडून आलेलं एवढं सुंदर पत्र माझ्याकडे दुसरं नाही. मी ते ठेवून दिलं आहे.

आम्ही सोमवारी पोचू. गिडियनची मुलगी आमच्याबरोबर असेल. पंगतीला सेलरी मीच वाढणार, फॅनीला तसं सांगून ठेव. आणि जेवताना मी तुझ्याच शेजारी बसणार आहे. या वर्षात मला काय काय दिसलं, काय काय ऐकलं आणि काय काय वाटलं, ते सगळं तुला सांगायचं आहे. सुरुवात केली की मी थांबेन असं दिसत नाही.

पेपरमिंटची पिशवी घेऊन ये. या वेळी मला लागेल.

तुझी बडबडी बहीण,
मलिंडा